चौघींना एकच शिक्षा कशाला?

ताई, नमस्कार.

मी चोवीस वर्षांची आहे. साताऱ्यात गोडोलीला राहते, एका पतसंस्थेत कामाला आहे. उजवीकडची खालची अक्कलदाढ गेल्या सहा महिन्यांत दोनदा सुजली. पहिल्या वेळी मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चार दिवसांत बसली. दुसऱ्या वेळी, आषाढी एकादशीच्या सुमाराला, तोंडच उघडेना. साबुदाण्याची खिचडी चिमटीने आत ढकलत होते. मग डेंटिस्टकडे गेले. त्यांनी ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढायला लावला आणि म्हणाले, चारही अक्कलदाढा काढून टाकू, एकदाच काय तो ताप. बाकीच्या तिघी मला कधीच दुखलेल्या नाहीत.

घरात माणसं पाच आणि मतं सात. आजी म्हणते, वरची दाढ काढली की डोळे जातात, तिची काढली तेव्हा तिला चष्मा लागला. (आजी स्वतः रोज दोन वेळा मशेरी लावते.) बाबा म्हणतात, आत्ता दुखत नाही ना, मग कशाला? त्यांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस आहेत आणि ते अजून दातांनी ऊस सोलतात. आई म्हणते, डिसेंबरात लग्न आहे, आता चेहऱ्याला हात लावायचा नाही. आणि मैत्रीण म्हणते, काढच, गाल आत जातात, फोटो छान येतात.

मला खरं तर भीती वाटते. डॉक्टर उगाच चार दाढांचं बिल करतायत का, असंही मनात येतं. मोबाइलवर एक्स-रेचा फोटो पाठवतेय. काढू की नको?

— गोडोलीची एक वाचक


अगं, आधी निकाल सांगते, मग कारणं. उजवीकडची खालची काढ, आणि लग्नाच्या आधी काढ. तिच्याबरोबर उजवीकडचीच वरची काढलेली बरी. डावीकडच्या दोघींना सध्या हात लावायचं कारण मला दिसत नाही.

फोटोवरून निदान करायचं नाही हा माझा नियम आहे. तुझ्या तोंडात आरसा घालून बघितलंय ते तुझ्या डॉक्टरांनी, मी नाही. तेव्हा मी म्हणते ते त्यांच्यासमोर ठेव आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐक. पण तुझा ओपीजी चांगला स्वच्छ निघालाय, आणि तीस वर्षं साताऱ्यात दातांचा दवाखाना चालवल्यावर अशा फोटोत काय शोधायचं ते डोळ्यांना आपोआप कळतं.

एक्स-रेसोबतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १८, २८, ३८, ४८ असे आकडे आहेत बघ. ते अठरा-अठ्ठावीस असे वाचायचे नाहीत. आम्ही एक-आठ, दोन-आठ, तीन-आठ, चार-आठ म्हणतो. तोंडाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात अगदी मधल्या दातापासून मागे मोजत जायचं, आठवी येते ती अक्कलदाढ. तुझी उजवी वरची एक-आठ, डावी वरची दोन-आठ, डावी खालची तीन-आठ, आणि जिने तुला आषाढीला छळलं ती चार-आठ. एक्स-रे आपल्याकडे तोंड करून बसलेल्या माणसासारखा बघायचा असतो, म्हणून तुझी उजवी बाजू फोटोत डाव्या हाताला दिसेल. हे एवढ्यासाठी सांगतेय की 'चारही काढू' हे वाक्य ऐकलं की चौघींचा एक गठ्ठा वाटतो. त्या चार वेगळ्या दाढा आहेत. प्रत्येकीचा गुन्हा वेगळा, आणि दोघींचा तर गुन्हाच नाही.

चार-आठपासून सुरू करू. ती सरळ वर न येता पुढे कलली आहे आणि तिचं डोकं शेजारच्या चार-सातच्या पाठीला टेकलंय. अर्धी बाहेर आलीय, अर्धी हिरडीखाली. पूर्ण बाहेर आलेली दाढ आपण घासू शकतो. पूर्ण हाडात गाडलेलीपर्यंत जंतू सहसा पोचत नाहीत. अडचण या अर्धवट बाहेर आलेलीची. तिच्या मागच्या भागावर हिरडीची एक टोपी राहते. त्या टोपीखाली दाण्याच्या कुटाचा एखादा कण, पोह्याचा तुकडा जाऊन बसतो, आणि तिथून त्याला काढेल असा ब्रश अजून बाजारात आलेला नाही. तो सडतो, जंतू वाढतात, टोपी सुजते. सुजली की उंच होते. मग तोंड मिटलं की वरची एक-आठ नेमकी त्या सुजेवर आपटते, आणि दिवसातून शेकडो वेळा आपटत राहते. सूज मागच्या बाजूच्या, जबडा मिटणाऱ्या स्नायूंपर्यंत गेली की ते आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. तुझी खिचडी चिमटीने जात होती ती याच्यामुळे.

पहिल्या वेळी मेडिकलच्या गोळ्यांनी सूज उतरली, पण टोपी तिथेच राहिली, कलंडलेली दाढही तिथेच राहिली. म्हणून ती परत आली. एकदाच थोडीशी सूज आली असती तर मी म्हटलं असतं, टोपीखाली नीट साफ करून घे आणि वाट बघ. सहा महिन्यांत दोनदा, आणि दुसऱ्यांदा जबडा धरण्याइतकी? ही तिसऱ्यांदाही येणार, आणि तारीख विचारून येणार नाही.

आता फोटोत मला त्याहून जास्त खटकलेली गोष्ट. चार-सातच्या मागच्या अंगाला, जिथे चार-आठचं डोकं टेकलंय तिथे, एक काळसर सावली आहे. नुसती सावलीही असू शकते, कारण ओपीजीत दात एकमेकांवर चढलेले दिसतात. पण ती कीडही असू शकते. डॉक्टरांना सांग, त्या एका दाढेचा आरव्हीजी, म्हणजे छोटा एक्स-रे, काढा. कीड थोडी असेल तर चार-आठ निघाल्यावर तिथे हात पोचेल आणि सिमेंट भरता येईल. खोल असेल तर रूट कॅनाल करावं लागेल. चार-आठ गेली म्हणून तुझं जेवताना काही अडणार नाही. चार-सात मात्र तुला पुढची पन्नास वर्षं भाकरी चावायला लागणार आहे. बिनकामाच्या शेजारणीपायी कामाची दाढ घालवलेले पेशंट मी इतके पाहिलेत की या एका मुद्द्यावर मला राग आवरत नाही.

त्यामुळे बाबांना सांग, 'दुखत नाही' हे ठीक आहे, पण दाताची कीड सुरुवातीला दुखतच नाही. दुखायला लागते तोवर ती नसेजवळ पोचलेली असते. आणि त्यांच्या बत्तीस दातांना माझा नमस्कार. त्यांच्या जबड्यात जागा होती, तुझ्यात नाही. जबडा आईकडून आला असेल.

खालची काढली की वरच्या एक-आठला समोर कोणीच उरत नाही. समोरची जोडीदार नसलेली वरची दाढ वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरते. मग गाल चावला जातो, अन्न अडकायला लागतं. शिवाय ही एक-आठ तशीही सुजलेल्या हिरडीवर आपटतच होती. एकाच बाजूला भूल दिलेली असताना तिला काढणं म्हणजे बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचं काम, कारण वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं. उजवी बाजू एकदम मोकळी होते आणि तू डावीकडून जेवू शकतेस. चारही एका दिवशी काढल्या की जेवायला बाजूच राहत नाही, हे 'एकदाच काय तो ताप' म्हणताना कोणी सांगत नाही.

तीन-आठ मात्र वेगळी कथा आहे. ती अख्खी हाडात आडवी झोपलेली आहे. वर हिरडीला भोक नाही, टोपी नाही, तिच्याभोवती हाड खाल्ल्याची खूण नाही, शेजारच्या तीन-सातला ती टेकलेली नाही. फोटोत खालच्या जबड्यातून दोन बारीक समांतर पांढऱ्या रेघा जाताना दिसतील. ती नळी आहे. तिच्यातून खालच्या ओठाची आणि हनुवटीची नस जाते. उजवीकडे त्या रेघा दाढेच्या मुळांच्या खालून, सुटसुटीत अंतर ठेवून जातात. डावीकडे तीन-आठचं मूळ थेट त्यांच्यावर आलंय, मूळ तिथे काळपट दिसतं आणि वरची पांढरी रेघ तुटलीय. ही खूण दिसली की शहाणा सर्जन हात आखडता घेतो. नस दुखावली तर ओठाला आणि हनुवटीला मुंग्या किंवा बधिरपणा येतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत, काही महिन्यांत जातो. कायमचा राहण्याचं प्रमाण एकूण दाढा बघितल्या तर शंभरात एकाहून कमी आहे, पण मूळ नसेला असं चिकटलेलं असलं की धोका वाढतो. आणि ज्या दाढेने आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही तिच्यासाठी तो का पत्करायचा?

पुढेमागे तिने त्रास दिलाच तर आधी सीबीसीटी हा थ्रीडी एक्स-रे काढायचा, नस मुळाच्या कुठल्या बाजूने जाते ते नीट बघायचं. मग गरज पडली तर दाढेचं फक्त डोकं कापून काढायचं आणि मुळं तशीच ठेवायची, अशीही पद्धत आहे. आज यातलं काही नको.

दुखत नसलेल्या, धड असलेल्या अक्कलदाढा आधीच काढून ठेवाव्यात का, यावर जगात एकमत नाही. ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितलं की रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ नुसती अडकली आहे म्हणून काढू नका. अमेरिकेत कॉलेजच्या वयातच चारही काढून टाकायची पद्धत जोरात आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी जागतिक संस्था आहे, तिच्या २०२० च्या आढाव्याने सगळा अभ्यास चाळून म्हटलं की अशी दाढ काढावी की ठेवावी हे ठामपणे सांगायला पुरेसा पुरावाच नाही, पण ठेवली तर नियमित तपासत राहा. मी स्वतः ब्रिटनच्या बाजूची. सुरुवातीची काही वर्षं मात्र मीही पेशंटला 'चारही काढू' म्हणायचे, कारण शिकताना तसंच बघितलं होतं.

म्हणून तुझे डॉक्टर लुटायलाच बसलेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. विशी-पंचविशीत हाड लवचीक असतं, मुळं पूर्ण घट्ट झालेली नसतात, जखम लवकर भरते. तिशी-पस्तिशीनंतर तीच दाढ जास्त जड जाते, सूज जास्त दिवस राहते. पुढे गरोदरपणात दाढ सुजली तर औषधं मोजूनमापून द्यावी लागतात. एवढा पुढचा विचार करून कोणी 'चारही' म्हणत असेल तर तो प्रामाणिक असू शकतो. ते ओळखायची सोपी युक्ती आहे. एक्स-रे समोर ठेव आणि एकेका दाढेवर बोट ठेवून विचार, 'हिला का काढायचं? नाही काढली तर काय होईल? काढताना नसेचा धोका किती?' चारही वेळा वेगळं उत्तर मिळालं तर डॉक्टर विचार करणारे आहेत. चारही वेळा 'पुढे त्रास देईल' एवढंच आलं तर दुसऱ्याला दाखव. ओपीजी तुझ्या पैशांनी काढलाय, तो तुझा आहे, मोबाइलवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घे. कराडला कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं आहे. दोन्हीकडे ओरल सर्जरीचा विभाग असतो आणि खर्चही खासगी दवाखान्याहून कमी येतो. खर्च दाढेगणिक लेखी विचार. पतसंस्थेत काम करतेस, हिशोब मागायला तुला कसली लाज?

अशी कलंडलेली खालची दाढ शक्यतो एमडीएस ओरल सर्जनकडूनच, म्हणजे तोंडाच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलेल्या डेंटिस्टकडूनच, काढून घे. बऱ्याच दवाखान्यांत सर्जन ठरावीक वारी येतात. 'तुमच्याकडे सर्जन कधी येतात?' असं विचारलं तर कुठलाही चांगला डेंटिस्ट रागावत नाही.

राहिली दोन-आठ. सरळ आलीय, स्वच्छ दिसते. तिच्याही समोर कोणी नाही, कारण तीन-आठ हाडात झोपलीय. तेव्हा ती पुढे कधीतरी खाली उतरेल. गाल चावला जायला लागला की काढायची. तोवर ब्रश अगदी मागपर्यंत ने. तोंड मोठं उघडून नाही, अर्धं मिटून. मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला मागे जागाच मिळत नाही.

आता आजी. डोळ्यांची नस वेगळी, दातांची वेगळी, दोन्ही मेंदूतून निरनिराळ्या वाटांनी येतात. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही. पण आजी खोटं बोलत नाहीये, हेही लक्षात घे. तिची दाढ कितव्या वर्षी काढली ते विचार. चाळिशीच्या आसपासच निघेल. आपल्याकडे जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात ते उगाच नाही. त्याच वयात दाढा पडायला लागतात आणि त्याच वयात सुईत दोरा ओवता येईनासा होतो. दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडल्या, आजीने त्यांची गाठ मारली. एवढंच.

मैत्रिणीला सांग, गाल आत जात नाहीत. अक्कलदाढ गालाला आधार देत नाही, ती पार मागे असते. काढल्यावर पहिले तीन दिवस गाल उलट फुगेल. पुढचे दात वाकडे होतात ते अक्कलदाढेच्या ढकलण्यामुळे, असंही तुला कोणी सांगेल. त्यालाही फारसा आधार सापडलेला नाही.

आईचा मुद्दा मात्र खरा आहे, फक्त उलटा लावलाय. लग्न आहे म्हणून थांबायचं नाही, लग्न आहे म्हणूनच आत्ता उरकायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आठवड्याभरात ओसरते. टाके साधारण सात दिवसांनी काढतात. तोंड पूर्ण उघडायला एक-दोन आठवडे, हिरडीतला खड्डा भरून यायला तीन-चार आठवडे. म्हणजे लग्नाच्या आधी किमान सहा आठवडे हातात हवेत. गौरी-गणपती उरकले की पितृपंधरवडा लागतो. त्या पंधरा दिवसांत बस्ता नाही, सोनं नाही, केळवणं नाहीत. दाढ काढणं शुभकार्यात मोडत नाही, तेव्हा अडचणही नाही. तेवढ्यात उरकलंस तर डिसेंबरपर्यंत सव्वादोन-अडीच महिने मिळतात. थांबलीस आणि हळदीच्या दिवशी तोंड आखडलं, तर उखाणा कसा घेणार, घास कसा भरवून घेणार? सुजेत दाढ काढायला सर्जनही सहसा तयार नसतात, आधी सूज उतरवतात. शुक्रवारी दुपारची वेळ घे, शनिवार-रविवार घरी मिळतील, सोमवारी एक रजा टाक.

भीती वाटते म्हणालीस. सुई टोचते, ते खरं. मग ओठ जाडजूड झाल्यासारखा वाटतो, जणू दुसऱ्या कुणाचा ओठ आणून चिकटवलाय. त्यानंतर दाब कळतो, दुखणं कळत नाही. दुखलं तर हात वर कर, आणखी भूल देतात. लोकांना वाटतं पक्कड लावून ओढतात. कलंडलेली दाढ ओढून निघत नाही. हिरडी थोडी बाजूला करतात, दाढेचे तुकडे करतात आणि एकेक काढतात. त्यात ड्रिलचा आवाज डोक्यात घुमतो आणि कधीतरी कट्ट करून तुटल्याचा आवाज येतो. तो आवाज माणसाला घाबरवतो. आधी माहीत असलेलं बरं. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. जाण्याआधी जेवून जा, सर्जन वेगळं सांगत नसतील तर. रिकाम्या पोटी सुई घेऊन चक्कर येणारे पेशंट माझ्या खुर्चीत नेहमीचे. कुठली औषधं चालू असतील, गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा, तर लाजू नकोस, सांग.

नंतर कापसाचा बोळा तासभर घट्ट चावून धरायचा. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि पुढचं सगळं त्या गुठळीवर अवलंबून आहे. ती खालच्या हाडावरचं पांघरूण आहे. माझी गोष्ट सांगते. कॉलेजात असताना मी माझी चार-आठ काढून घेतली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मैत्रिणींबरोबर रसवंतीत गेले आणि उसाचा रस स्ट्रॉने ओढला. दंतवैद्यकाची विद्यार्थिनी, पेशंटना 'स्ट्रॉ नको' सांगून आलेली! ओढलं की तोंडात पोकळी होते आणि गुठळी निसटते. तिसऱ्या रात्री कानापासून हनुवटीपर्यंत असा ठणका लागला की हॉस्टेलच्या गच्चीवर पहाटेपर्यंत फेऱ्या मारल्या. तोंडाला घाणेरडा वास. याला ड्राय सॉकेट म्हणतात. सकाळी सरांनी खड्डा धुऊन लवंगतेलातल्या औषधाची पट्टी भरली, आणि पाच मिनिटांत मला झोप लागली, त्यांच्याच खुर्चीत. त्यामुळे दोन-तीन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं अचानक वाढलं तर घरी गोळ्या मोजत बसू नकोस, दवाखान्यात जा. पट्टी भरली की थांबतं.

पहिला दिवस थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. लाळ दिवसभर गुलाबी येते, ते चालतं. बाहेरून बर्फ रुमालात गुंडाळून, पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा. ओठ बधीर असेतो चहा नको, भाजलेलं कळणार नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं फिरवायचं आणि मान वाकवून सोडून द्यायचं, खळखळून नाही. खायला गार केलेली मुगाची पातळ खिचडी, दहीभात, नाचणीची आंबील, केळं. दाण्याचं कूट आठवडाभर घरातल्या कुठल्याच भाजीत तुझ्या वाट्याला नको. साताऱ्यात हे पाळणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. तीळ, चिवडा, भडंग तसेच लांब. कंदी पेढा तिसऱ्या दिवशी डावीकडून खा, वर मिठाचं पाणी फिरव.

तारीख मिळेपर्यंत पुन्हा सूज आली तर हिरडीवर गोळी दाबून धरू नकोस, कातडी भाजते. बाहेरून गरम शेकही नको. मिठाच्या पाण्याने धू आणि डॉक्टरांना फोन कर. पण सूज गळ्याकडे उतरायला लागली, थुंकी गिळता येईना, जीभ उचलल्यासारखी वाटली, श्वासाला जड झालं किंवा तापाने थंडी वाजली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी बाबांना उठव आणि मोठ्या हॉस्पिटलात जा. दाढेची सूज श्वासाची वाट दाबू शकते. 'दाढच तर आहे' म्हणून रात्रभर थांबणाऱ्यांचं फार बिघडतं.

डावीकडच्या दोघींसाठी वर्षातून एकदा तोंड दाखव, आणि ओपीजी कधी परत काढायचा ते डॉक्टरांना विचारून ठेव. साधारण दोन वर्षांनी पुरतो. आजचा फोटो जपून ठेव, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायला लागेल. लग्नानंतर गाव बदलणार असेल तर सामानात तोही घे.

आणि टाके काढायला जाशील तेव्हा आजीला सोबत ने. मशेरी ती ज्या बाजूला लावते, तिथला गाल आणि हिरडी डॉक्टरांना आतून बोट फिरवून बघू दे. पांढरा किंवा लाल चट्टा नाही ना, तोंड पूर्वीइतकंच उघडतं ना, दोन मिनिटांत कळतं. डोळ्यांची काळजी करतेय तोवर तेवढंही होऊन जाईल.